दोर न नेता विहिरीवर

माझ्या सासूबाई, दगडाबाई, चर्चमध्ये कधी गप्प बसल्या नाहीत. घोडेगावच्या बाजूला आमची छोटी ख्रिस्ती वस्ती, पत्र्याचं चर्च आणि महिन्यातून एकदा सायकलवर येणारे पाळकसाहेब. संदेश चालू असताना बाकीच्या बाया पदराआड डुलक्या काढायच्या. या मात्र उठून प्रश्न विचारायच्या. नोहाच्या तारवात गुरांना चारा किती भरला होता, असं विचारून त्यांनी एकदा साहेबांना घाम फोडला होता. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. सून म्हणून मला लाज वाटायची आणि खरं सांगायचं तर मजाही वाटायची.

बाहत्तरच्या उन्हाळ्यात साहेबांनी बायबलातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचली. ती भर दुपारी एकटीच पाण्याला येते. विहिरीवर बसलेला प्रभू तिच्याकडे पाणी मागतो. तिला नवल वाटतं, कारण त्याचे लोक तिच्या लोकांच्या भांड्याला शिवत नसतात. शिवाय पाणी काढायला त्याच्याजवळ काहीच नसतं, आणि तरी पुढे तोच तिला जिवंत पाणी देईन म्हणतो.

"साहेब," आत्याबाई उठल्या, "इहिरीवर बसायचं तर दोर-पोहरा का न्हाई नेला त्यानं?"

"वाटसरू होता, दगडाबाई. दमलेला होता."

"वाटसरूजवळ बी लोटा-दोरी असतीया."

साहेब हसले. "मग तुम्हीच शोधा आणि मलाही सांगा."

झालं. रोज संध्याकाळी "पुष्पावती, ते इहिरीचं वाच" सुरू झालं. मी सातवी शिकलेली, त्यामुळे सुटका नव्हती.

"ती दुपारचीच का येती गं?" एकदा त्यांनी विचारलं.

"सकाळी बाकीच्या बाया असतात म्हणून," मी भाकरी थापता थापता सहज बोलून गेले.

आत्याबाई उठून दारात गेल्या आणि विहिरीच्या वाटेकडे बघू लागल्या. कारण आमच्या विहिरीवरही एक बाई दुपारचीच यायची.

ती बायडाबाई, माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. नवऱ्याचा मार सोसवेना तेव्हा ती ऊसतोडीच्या टोळीतल्या एका माणसाबरोबर निघून गेली. पुढे तो वारला आणि ती माहेरी परतली. ती दारात उभी असताना आत्याबाईंनीच चारचौघांत सांगितलं होतं, "हिच्या हातचं पानी मी पिनार न्हाई." मग साऱ्या वस्तीनं तेच धरलं. बायडाबाई कडेच्या खोपटात राहू लागली. आत्याबाई तिचं नाव काढत नसत, पण नाताळच्या थोड्या करंज्या वेगळ्या झाकून ठेवायच्या आणि त्या कुणालाच द्यायच्या नाहीत.

माझ्या त्या उत्तरानंतर दुसऱ्याच दुपारी आत्याबाई रिकामी कळशी घेऊन निघाल्या. दोर खुंटीलाच होता. आमच्याकडे जिनं तिनं आपला दोर न्यायचा, दुसरीचा मागायचा नाही, असा रिवाज. म्हातारपणी विसरल्या असतील, असं समजून मी दोर-पोहरा घेऊन मागे धावले.

विहिरीवर बायडाबाई एकटीच होती. आत्याबाईंना बघून ती सवयीनं बाजूला सरकली. आत्याबाई मात्र काठावर बसल्या.

"बायडा," त्या म्हणाल्या. "तहान लागलीया. पानी दे."

"माझ्या हातचं, वयनी?"

"तुझ्याच हातचं."

मी लिंबाखाली थबकले. इतके दिवस ती गोष्ट मी घडाघडा वाचत होते, पण त्यात प्रभू आधी मागतो, द्यायचं नंतर बोलतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला रडू आलं. हातातला दोर मी पदराआड घेतला.

बायडाबाईनं पोहरा आत सोडला. पाणी तळाला गेलेलं, वर यायला वेळ लागला. आत्याबाईंनी ओंजळ धरली आणि त्या पोटभर पाणी प्यायल्या. मग बायडाबाईनं न विचारता त्यांची कळशीही भरली.

"दोर इसरला व्हय, वयनी?" तिनं हळूच विचारलं.

"न्हाई इसरले," आत्याबाई म्हणाल्या. "उद्या बी आननार न्हाई."