पंचांची सोडचिठ्ठी आणि कोर्टाची तारीख

आमच्या सातपाटीत भांडणं पावसाळ्यात निकालात काढतात. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, पुरुषमाणसं घरात बसून कंटाळलेली. मग पंच बसतात आणि कुणाच्या कुंपणापासून कुणाच्या संसारापर्यंत सगळं मार्गी लावतात. माझी सोडचिठ्ठीही अशीच झाली. नवरा तसा वाईट नव्हता हो. दारू नाही, मारहाण नाही. समुद्रावर असला की बरा, घरी आला की तोंड फुगवून बसायचा, आणि मी काही गप्प बसणारी नव्हे. पंचांनी स्टँप पेपरवर दोघांच्या सह्या घेतल्या, वर चहा झाला. मी बोईसरला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागले, त्याने दुसरं लग्न केलं. मी म्हटलं, सुटले बाई!

सुटले कसली? काही वर्षांनी आधारकार्डावर माहेरचं नाव लावायला गेले, तर तिथल्या माणसाने कोर्टाचा हुकूम मागितला. मी ऐटीत स्टँप पेपर पुढे केला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. मग तणतणत पालघरला एका वकीलबाईंकडे गेले.

त्यांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला. "ही सोडचिठ्ठी कोर्टात चालायची नाही. समाजाची रूढी आहे म्हणून सिद्ध करायला गेलात तर जन्म जाईल. कायद्याने तुम्ही अजून त्याच्या बायको आहात."

"आणि ती दुसरी?"

"तिचं लग्न कायद्याने लग्नच नाही. मुलं असतील तर त्यांना धक्का नाही. पण बायको म्हणून तिला काही हक्क नाही. उद्या तुम्ही तक्रार केलीत, तर तो तुरुंगातही जाऊ शकतो."

खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्या. बाहेर येऊन आईला फोन लावला. ती बाजारात मासे विकत बसली होती. गिऱ्हाईक सोडून म्हणाली, "नाचव त्याला! आता तुज्या हातात हाय." मीही मनातल्या मनात त्याला भरपूर नाचवलं.

पण गावात बातमी पोचायला कितीसा वेळ! एक दिवस ती दुसरी माझ्या बोईसरच्या खोलीवर हजर. हातात सुक्या बोंबलांची पिशवी, कडेवर मुलगी. दारातूनच म्हणाली, "ताई, आमच्या लग्नात सगळा गाव जेवून गेला. मग मी कोण?"

मला तिचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. "कोण ते नंतर ठरवू," मी म्हटलं, "आधी आत ये."

मग वकीलबाईंनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून समजावलं. दोघांच्या संमतीने अर्ज करायचा. वर्षाहून जास्त वेगळे राहिलात, ती अट पुरी झाली. अर्जानंतर कायदा सहा महिने विचार करायला देतो, पण इतकी वर्षं वेगळे असल्यामुळे ती मुदत माफ करून मागू. लग्नाचा फोटो हवा. माझ्याकडचा मी केव्हाच रागाच्या भरात चुलीत घातला होता. तर दुसरा एक त्याच्या घरी निघाला! हिनेच कपाटात साड्यांखाली जपून ठेवलेला. "तुमी चांगल्या दिसता यात," म्हणाली. आता हिला काय म्हणावं!

पहिल्या तारखेला आमचे साहेब गैरहजर, बोट समुद्रात. पुढच्या तारखेला उगवले आणि न्यायाधीशांपुढे हात जोडून म्हणाले, "साहेब, आता पापलेटचा टाइम हाय. पुढची तारीख आषाढात द्या, तवा आमी रिकामेच असतो." अख्खं कोर्ट हसलं. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मी त्याच्या कानाशी म्हटलं, "अरे शहाण्या, बाहेर बाकावर बसलीय ना, तिला जाऊन विचार, आषाढापर्यंत बिनलग्नाची राहतेस का म्हणून."

त्याने दाराकडे पाहिलं. ती मुलीला मांडीवर घेऊन बसली होती, नजर आमच्याकडे. त्याचा चेहरा उतरला. "नाय साहेब," तो म्हणाला, "तुमी द्याल ती तारीख."

मुदत माफ झाली. न्यायाधीशांनी विचारलं, कुणाची जबरदस्ती नाही ना, पुन्हा एकत्र राहण्याची काही शक्यता? मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "हिच्यासंगं? नाय, नाय!" इतक्या घाईने की मला जरा लागलंच.

घटस्फोट मिळाला, पण तेवढ्याने हिचं जुनं लग्न खरं होणार नव्हतं. नव्यानेच करा, वकीलबाई म्हणाल्या, आणि नोंदणी करून करा. साक्षीदार गावातून न्यावेत तर बोभाटा. पुन्हा आली ती माझ्याच दारात, साक्षीला चला म्हणून! मी चार शब्द सुनावले आणि कंपनीत रजा टाकली.

पालघरच्या त्या कचेरीत ती हिरवी साडी नेसून, पोर कडेवर घेऊन उभी होती आणि चक्क लाजत होती. तो इस्त्रीच्या शर्टात घामाघूम. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "साक्षीदारबाई, तुम्ही कुणाकडून? मुलाकडून की मुलीकडून?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. तिनेही.

"मुलीकडून," मी म्हटलं आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.