वीणा खाली ठेवायची नसते

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत विणकर होते. उभं आयुष्य मागासमोर गेल्यामुळे त्यांच्या पोटऱ्यांवरच्या शिरा वेलींसारख्या वर आल्या होत्या. मी लहान असताना त्या वेलींवरून बोट फिरवत बसायची. ते हसून म्हणायचे, "हळू गो, फांदी मोडात."

तुम्ही दूरदेशी वाढलेली मुलं, म्हणून सप्ताह म्हणजे काय ते आधी सांगते. आमच्या कोकणातल्या गावी माघात सात दिवस, सात रात्री अखंड नामस्मरण चालायचं. एकजण गळ्यात वीणा अडकवून उभा राहायचा, तार छेडत नाम घ्यायचा. त्याचा पहारा संपला की दुसरा यायचा. वीणा गळ्यातून थेट गळ्यात जायची. सात दिवस ती जमिनीला लागता कामा नये. आणि देताना घेणारा देणाऱ्याच्या पाया पडायचा, देणाराही घेणाऱ्याच्या. तिथे वय बघायचं नाही.

गावी जाणं पायांमुळे बंद झालं, तेव्हा आजोबांनी सप्ताहच मुंबईत आणला. आमच्या परळच्या चाळीत तळमजल्यावर एक रिकामी खोली होती, तिथे. त्या वर्षी लोक म्हणाले, "बुवा, दिवस बरे नाहीत. यंदा राहू दे." संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती. रोज मोर्चे, रोज हरताळ. आजोबा म्हणाले, "होतलो." होणारच, एवढंच. पण त्या रात्री आईला ते म्हणाले ते मी अंथरुणातून ऐकलं: एकदा मोडला तर पुन्हा मांडायचं बळ माझ्यात नाही.

पाचव्या दिवशी सकाळी चाळीतले पुरुष मोर्चाला गेले. बाबा प्रभादेवीला कामावर गेले होते. दुपारी एकाएकी संचारबंदी लागली आणि जो जिथे होता तो तिथेच अडकला.

ती दुपार मला अजूनही काचेतून पाहावी तशी दिसते. गिरण्या बंद. एरवी आमच्या भिंतींतसुद्धा एक थरथर असायची, ती नव्हती. रस्त्यावर कोणी नाही. मधोमध एक चप्पल पडलेली, एकच, आणि तिच्यावर थंडीतलं पिवळं ऊन. त्या सगळ्या शांततेत खोलीतून येणारा तारेचा आवाज. तो कुठून येतोय हेच कळेनासं व्हायचं. वाटायचं, उन्हालाच आवाज आहे.

आजोबांचा पहारा केव्हाच संपला होता. पुढचा पहारा समोरच्या चाळीतल्या त्यांच्या मित्राचा. ते समोरच्या गॅलरीत धोतर आवरून उभे होते. मध्ये फक्त रस्ता, पण रस्त्याच्या टोकाला पोलिसांची गाडी.

"बुवा, येतंय मी! चार ढांगांचा तर रस्ता!" ते ओरडले.

आजोबा वीणेसकट दारात आले आणि नाम घेता घेता मध्येच ओरडले. "थयच रव! हयसर इलंस तर तंगडी तोडीन."

"पोलीस तोडतील त्यापेक्षा तू तोड, ओळखीचा तरी आहेस!"

दोन्ही गॅलऱ्यांमधल्या बायका हसल्या. आजोबाही हसले, पण दाराची चौकट त्यांनी धरलेली मला दिसली.

थोड्या वेळाने त्यांचं नाम अडखळू लागलं. पाय सुजून घट्ट झाले होते. आई उंबऱ्याच्या बाहेर घुटमळत होती. ती त्या दिवसांत बाहेरची होती, आत यायची तिला सोय नव्हती. शेजारच्या काकींना ती म्हणाली, "काकी, तुम्ही तरी घ्या हो. पडतील ते."

"अगो, बायकांनी वीणा घेतलेली कुठे पाहिल्येस? आणि माझी कंबर ही अशी."

"मग त्यांना बसू दे. वीणा पाटावर ठेवू. देवाला काय कळत नाही?"

आजोबांनी मान हलवली. नाम थांबवून बोलणं शक्य नव्हतं. ते डोळे मिटून म्हणत राहिले.

मी अकरा-बारा वर्षांची. दादरच्या इंग्रजी शाळेत जायची, कविता घडाघडा म्हणून दाखवायची, पण त्या खोलीत माझं काम समईत तेल घालण्याचं. मी तेलाचं भांडं घेऊन उभी होते. आजोबांनी डोळे उघडले ते नेमके माझ्यावर.

"गो चेडवा," ते दोन नामांच्या मधल्या श्वासात म्हणाले, "उभी रवशीत मा?"

मागून काकी म्हणाल्या, "पोरीच्या गळ्यात? काय बाई!"

आई एकदम म्हणाली, "हात धू आधी. तेलाचे आहेत."

मी हात धुऊन आले. रीतीप्रमाणे आजोबांच्या पाया पडले. मला वाटलं, आता ते वीणा काढतील. पण ते वाकू लागले. एक हात भिंतीला, दुसऱ्याने वीणा सावरलेली, गुडघे वाकत नव्हते तरी ते वाकत राहिले. मी पाय मागे घेतले. "नको ना आजोबा!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पाय होते तिथे परत ठेवले. त्यांची बोटं माझ्या पावलांना लागली. खडबडीत, गार बोटं. मग त्यांनी तीच बोटं स्वतःच्या कपाळाला लावली आणि पट्टा माझ्या गळ्यात घातला.

वीणा मला फार मोठी होती. भोपळा मांडीवर आपटत होता. नाम तोंडातून फुटेना, तेव्हा उंबऱ्याबाहेरून आईने सुरू केलं, मी तिच्यामागून. आजोबा चटईवर भिंतीला टेकले. झोपण्याआधी त्यांनी एवढंच सांगितलं, "दोनय पायांवर एकदम भार घेव नको. एकाक काम, एकाक सुट्टी."

मग काळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. मी आयुष्यभर सगळं वेळेवर आणि जागच्या जागी ठेवत आले, पण ती दुपार कुठेच बसवता येत नाही. ऊन चटईवरून आजोबांच्या पोटऱ्यांवर आलं, भिंतीवर चढलं. त्यांची छाती संथ वर-खाली होत होती, आणि मला वाटायचं, मी तार छेडतेय म्हणूनच तो श्वास चाललाय. पुढे तुमच्या आजोबांच्या आजारपणात मी इस्पितळाच्या व्हरांड्यात अशीच तासन्‌तास उभी राहिले आहे, पाय बदलत. वाईट दिवस त्याने लवकर सरत नाहीत. उभं मात्र राहता येतं.

संचारबंदी घटकाभर उठली तेव्हा समोरचे मित्र धावत आले, दारात धापा टाकत थांबले. आधी आजोबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि ते माझ्या पाया पडले. मी त्यांच्या पडले. वीणा गेली तेव्हा खांदा एवढा हलका झाला, की मी तोल जाऊन दाराला धरलं.

बाबा चालत चालत अंधार पडताना घरी आले. चेहरा काळवंडलेला. पायरीवरूनच त्यांनी आजोबांना विचारलं, "दादा, सप्ताह?"

"मोडूक नाय," आजोबा म्हणाले.

"पण माणसं तर सगळी अडकलेली. वीणा धरली कोणी?"

आजोबांनी पोटरीवरून हात फिरवला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आमच्या पहाऱ्यातल्याच एकान," ते म्हणाले, आणि पाणी मागितलं.