धोंड्याच्या जेवणाची टिक

आमच्या घरात कामं विसरण्यासाठी आजवर तीन पद्धती वापरून झाल्या आहेत, आणि तिन्ही उत्तम चालल्या.

पहिली डायरीची. तिच्यात मी 'गॅसची नळी बदलणे' असं ठळक अक्षरात लिहिलं आणि लिहून इतकी हलकी झाले की नळी बदलायची गरजच वाटली नाही. दुसरी, फ्रिजवर चिठ्ठ्या लावण्याची. ती ज्यानं शोधली त्यानं अमरावतीचा उन्हाळा काढलेला नसावा. एप्रिलमध्ये कूलर सुरू झाला आणि माझी सगळी कामं उडून सोफ्याखाली गेली. (सोफ्याखाली झाडायची चिठ्ठीही त्यातच होती!)

मग पुण्यात असलेल्या आमच्या मुलानं माझ्या आणि ह्यांच्या मोबाइलवर एकच यादी बसवून दिली. एकानं लिहिलं की दुसऱ्याला दिसतं. काम झालं की टिक करायची. हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. ज्यावर खूण झाली त्या कागदाकडे पुन्हा बघायचं नाही, ही त्यांची जन्माची शिस्त. माझी शिस्त वेगळी. काम ह्यांच्या कानावर घातलं की माझ्यापुरतं ते संपलं. तीस वर्षं अशीच संसारात गेली, पण तेव्हा निदान टिक नव्हती.

यंदा धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येणारा, जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचा, वाण द्यायचा महिना. आमच्या लेकीच्या, पल्लवीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच, त्यामुळे अकोल्याच्या विहीणबाईंचं सगळं लक्ष आमच्याकडे. मी यादीत लिहिलं, 'शेवटच्या रविवारी जावयाला जेवायला बोलावणे.' ह्यांना सांगितलं, फोन सासऱ्यानं केलेला बरा दिसतो, तुम्हीच करा. हे 'हो' म्हणाले आणि मी टिक केली. संध्याकाळी ह्यांनी फोन करायला मोबाइल उघडला, टिक पाहिली, आणि बायकोनं काम उरकलं म्हणून मोबाइल ठेवून दिला.

पुढची कामं मात्र मी जीव ओतून केली. अनारशांसाठी तांदूळ भिजवले, चांदीचा दिवा आणला, जावयासाठी कापड घेतलं. रविवारी त्या उकाड्यात पुरण शिजवून, वाटून, धोंडे तळून माझा जीव अर्धा झाला. दारात रांगोळी काढली. बारा वाजले, एक वाजला, पाहुण्यांचा पत्ता नाही. शेवटी मी पल्लवीला फोन लावला, तर ती म्हणाली, आत्ताच जेवणं झाली.

"जेवले? काहून?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आई, तुमी बलावलंच नाही. सासूबाई महिनाभर इचारून राहिल्या, माहेरचा फोन आला का म्हणून. अन् मी रोज सांगून राहिली, बाबा उद्या करतीन. आम्हाले बलावा, असं आपल्याच तोंडानं कसं म्हणू?"

पोरगी महिनाभर एकटीनं आमची अब्रू झाकत होती आणि मी इकडे अनारशांना जाळी पडते की नाही ते बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी ह्यांच्याकडे वळले. "तुमी फोन केलाच नाही?"

"तूच तं टिक केली."

"तुमाले सांगतलं, म्हणून केली."

ह्यांच्या मते यात चूक कुणाचीच नव्हती.

उद्या अमावास्या, म्हणजे महिना खलास. डबे घेऊन अकोल्याला जायची मी तयारी दाखवली, पण विहीणबाईंनी निरोप दिला की धोंड्याचं जेवण जावयाच्या स्वतःच्या घरी होत नसतं. आणि निखिलची, म्हणजे जावयाची, संध्याकाळची ड्युटी. अमरावतीला येऊन वेळेत परतणं शक्य नव्हतं. शेवटी त्याच दुपारी अर्ध्या वाटेवर, मूर्तिजापूरजवळच्या एका धाब्यावर भेटायचं ठरलं.

असा समारंभ त्या धाब्यानं पाहिला नसेल. निखिल प्लास्टिकच्या खुर्चीवर, डोक्यावर ह्यांचा रुमाल. शेजारी विहीणबाई, साक्षीला आल्यासारख्या ताठ बसलेल्या. मी ओवाळायला गेले की धाब्याचा भलामोठा कूलर निरांजन विझवायचा. मालकाला दया आली आणि त्यानं कूलर बंद केला, तेव्हा घामाघूम झालेले ट्रकवाले आमच्याकडे असे बघायला लागले की मी त्यांनाही एकेक धोंडा वाढला. बिचारा निखिल घरून पोटभर जेवून आलेला. तरी तुपात बुडवून एकेक धोंडा निमूटपणे गिळत होता. पल्लवी माझ्याकडे बघत नव्हती.

विहीणबाईंनी एक धोंडा खाल्ला, हात धुतले आणि मला म्हणाल्या, "बलावणं राह्यलं, त्याचं काही नाही. पण पोरीले महिनाभर खोटं बोलाले लावलं तुमी."

एवढ्या रागाच्या दिवशीही त्या माझ्या लेकीच्या बाजूनं बोलल्या, याचं मला रडू यायला लागलं. पल्लवीनं गुपचूप माझ्या हातात पाण्याचा गिलास दिला.

ते पाहून विहीणबाई जरा नरमल्या. "आता पुढच्या धोंड्यात तुमी फोन करू नका अन् लिहून बी ठेवू नका," त्या म्हणाल्या. "मीच घेऊन येतो पोराले. तुमी फक्त पुरण शिजवजा."

परतताना हे गाडी चालवता चालवता म्हणाले, चला, एक काम कमी झालं. खरं आहे. इतक्या वर्षांत माझ्या यादीतून कायमचं सुटलेलं हे पहिलंच काम, आणि तेही विहीणबाईंनी माझ्या हातून काढून घेतलं तेव्हा!