मासोळ्यांच्या पिलांना भरवणाऱ्या द्वारकाबाई

द्वारकाबाई बापट यांची आणि माझी पहिली भेट एका तक्रारीने घडवली. मी तेव्हा लोणावळ्यात आरोग्य निरीक्षक म्हणून नवाच लागलो होतो. मुलींच्या शाळेतल्या बापटबाई परसात कुजके पाणी साठवतात आणि कुसगावच्या एका मुसलमान बाईकडून अंडी घेतात, असे कोणी येऊन सांगून गेले होते. पाणी माझ्या कामाचे, अंडी नव्हेत. पण एका विधवा ब्राह्मण बाईच्या परसात शिरताना माझ्या मनात दोन्हींबद्दल संशय होता.

परसात मातीच्या कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळले.

"हाताला साबण लागलाय?"

"हो."

"मग कुंडीत हात घालू नका. नुसते बघा."

मी वाकलो. हिरव्या पाण्यात पापणीच्या केसाएवढे काहीतरी थरथरत होते. ती माशांची नुकती अंड्यातून निघालेली पिले होती. विहिरीतले डासांचे किडे खाणारे, डोक्यावर चांदीसारखा ठिपका असलेले छोटे मासे बाई ओढ्यातून आणत. ते मासे स्वतःचीच पिले गिळतात, म्हणून अंडी चिकटलेले शेवाळ त्या वेगळ्या कुंडीत ठेवीत. हिवतापाने शाळेतल्या मुली वरचेवर अंथरूण धरीत, म्हणून हा खटाटोप. खरी अडचण पुढेच होती. जन्मतः पोटाला चिकटलेली बलकाची शिदोरी संपली की पिलांना अन्न हवे, आणि तोंड तर एवढेसे की पिठाचा कणही आत जात नाही. म्हणून उकडलेल्या अंड्याचा बलक बाई तलम फडक्यातून पाण्यात पिळीत. हे सारे त्यांनी मला सांगितले. मी मान डोलावली, पण विश्वास ठेवला नाही.

थोड्याच दिवसांनी एका सकाळी सगळी पिले मरून तरंगली. कोंबडीची अंडी पुरवणाऱ्या कुसगावच्या अमिनाबींचे नाव आळीभर संशयाने घेतले जाऊ लागले. शाळेच्या मंडळाचे प्रमुख नानासाहेब स्वतः परसात आले.

"त्या बाईने काही टाकले नसेल कशावरून?"

"टाकले असेल कशावरून, ते सांगा," बाई म्हणाल्या.

मीही शंका काढली. अमिनाबींचे यजमान मासे धरून विकीत. मासे असे घरोघर निपजू लागले तर त्यांच्या धंद्यावर गदा येईल, असा माझा तर्क. बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ही मासळी तव्यावर टाकली तर शोधावी लागेल!"

पण त्यांनी माझा संशय झटकून टाकला नाही, हे मला फार वेगळे वाटले. पुढची पिले निघाली तेव्हा एक कुंडी त्यांनी माझ्या कचेरीच्या खोलीत ठेवली आणि किल्ली माझ्याकडे दिली. "अंड्यांवरही तुमचा संशय असणार. तीही तुम्हीच आणा." मी कामशेतच्या बाजारातून अंडी आणली आणि बाईंनी दाखवले तसे स्वतःच्या हाताने भरवले. येणाऱ्याजाणाऱ्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहत राहिलो. खोलीत कोणी पाऊल टाकले नाही. तरीही पिले मेली.

बाई आल्या. तळाचे पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी हुंगले. न खाल्लेला बलक सडून आंबूस वास सुटला होता. ओंजळ त्यांनी जमिनीवर रिकामी केली. मग म्हणाल्या, "उपाशी राहतील या भीतीने मी त्यांना जेवणात बुडवले. मारणारी मी."

हेच वाक्य त्यांनी मंडळाच्या बैठकीत उभे राहून सांगितले. नानासाहेबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "असेल तसे. पण त्या बाईने तुमच्या परसात येऊ नये. लोकांना शंका येते." खोटा ठरलेला संशयही जागा सोडत नाही, हे मी त्या दिवशी पाहिले.

बाईंनी वाद घातला नाही. त्याच महिन्यात बिऱ्हाड हलवून त्या कुसगावला, अमिनाबींच्या शेजारच्या खोलीत राहायला गेल्या. कुंड्या बैलगाडीतून नेताना मी बरोबर होतो. अमिनाबी दारात उभ्या होत्या, चेहरा घाबरा.

"बाई, हितं ऱ्हानार व्हय? लोक काय म्हनत्याल?"

"तिथं म्हणत होते तेच. जरा कुंडीला हात लावा."

तिथून शाळेपर्यंत त्या रोज पायी जात. मंडळाने त्यांना काढले नाही, पण नानासाहेब पुढे कधी त्यांच्याशी बोललेही नाहीत. कुसगावात पिले जगली. पहिले काही दिवस नुसते हिरवे पाणी, त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव हेच त्यांचे अन्न. मग बलक, तोही चिमटीतला. पोटे पिवळी भरलेली दिसली की पुढचे बंद, आणि उरलेले लगेच काढून टाकायचे. हे काम दोघी मिळून करीत.

मासे गावच्या विहिरीत सोडायची वेळ आली तेव्हा शेतकरी धोंडीआबा आडवे आले. "हिरीत मासं न्हाई सोडायचं. तितलं पानी आमी पितो." बाईंनी दोन मासे काचेच्या बरणीत घालून त्यांच्याच ओसरीवर ठेवले आणि त्यात विहिरीतले किडे सोडले. आबा पाहत बसले. परवानगी दिली, पण पुढे पावसाळाभर विहिरीच्या काठावर पहारा केला. वर्षाने तेच घागर घेऊन आले. "मळ्यातल्या हिरीतबी सोडा. पर म्या बगाया येनार."

"या. बघितलेच पाहिजे," बाई म्हणाल्या.

माझ्या पत्नीला हिवताप आला तेव्हा बाई कुसगावहून आल्या. मी आणलेले तापावरचे कोयनेल त्यांनी आधी स्वतःच्या जिभेवर ठेवले. पुरेसे कडू लागले नाही, म्हणजे भेसळ, म्हणून पुडी फेकून दुसरी आणवली आणि ताप उतरेपर्यंत उशाशी बसून राहिल्या.

आज बाई साठाव्या वर्षात पाऊल ठेवीत आहेत. आम्ही स्नेही मंडळी सत्काराचे बोललो तेव्हा त्यांनी आमच्याकडे रोखून पाहिले. "कशाला? माझ्या प्रकृतीबद्दल डॉक्टर काही बोलले का?" नाही बाई, कोणी काही बोललेले नाही. आपण उदंड जगावे, आपले पाय आणि डोळे शाबूत राहावेत, आणि दरसाल पिले निघतील तेव्हा कुंडीवर वाकून आपणच आम्हाला म्हणावे, "थांबा, अजून नका घालू. आधीचे संपू द्या."