त्यातला आई एवढाच शब्द मला कळला

ये गं, अशी जवळ ये. आज लांबून बोलायचं नाही. आणि आधी हे सांग, आईचा फोन वाजत ठेवायचा आणि मग दोन ओळी टाकायच्या, 'कामात आहे, बरी आहे', ही रीत तू कुठून शिकलीस? आपल्या घरात तर कुणाची नव्हती. तुझे वडील रागावलेले असले तरी फोन उचलायचे. उचलून गप्प बसायचे, पण उचलायचे. तू उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. मला लेखिकेसारखं लिहिता येत नाही, बोलते तसंच लिहिते. मध्येच बंद करून ठेवू नको, एवढंच.

तुला ठाऊक नसलेली गोष्ट आधी सांगते. मी फ्रेंचच्या क्लासला जाते. हो, मीच. थंडीत नाव घातलं. शनिवारी आणि रविवारी दुपारी, आपल्या नगरच्या दिल्ली गेटच्या अलीकडे एका मेडिकलच्या दुकानावर वरच्या मजल्याला खोली आहे, तिथे. शेजारणीला सांगितलं, की जावयाशी दोन शब्द बोलता यायला हवेत. ती म्हणाली, "अहो, लोकांचे जावई श्रीगोंद्याचे असतात, तरी सासूशी बोलत नाहीत. तुम्ही कुठं त्या परदेशातल्याच्या मागे लागता?"

तिला सांगितलं ते खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. खरं असं, की रविवारी संध्याकाळी तुझा व्हिडिओ कॉल यायचा, तुमच्याकडे दुपार असायची. मी विचारायचे, "जावईबापू कसे आहेत? जेवण आवडतं का त्यांना तुझ्या हातचं?" तू त्यांच्याकडे वळून फ्रेंचमध्ये विचारायचीस. ते तिकडून बोलायचे, चांगलं लांबलचक. आणि तू माझ्याकडे वळून म्हणायचीस, "हो म्हणतायत." एवढंच? एवढ्या लांब बोलण्यातून माझ्यापर्यंत एक 'हो' यायचा, मग बाकीचं जायचं कुठे? पहिल्यांदा मला हसू यायचं. मग एक दिवस लक्षात आलं, की ते बोलत असताना तू हसत नाहीस. तू डाव्या बाजूला बघतेस, ऐकून घेतेस, आणि मग माझ्याकडे बघून हसतेस. हसू नेहमीचंच, पण उशिरा येतं. आईला उशिरा आलेलं हसू कळतं. त्यात काय म्हटलं गेलं ते मात्र कळत नव्हतं. म्हणून गेले क्लासला.

आमचा क्लास म्हणजे गंमतच आहे. शिकवणारी बाई तुझ्यापेक्षाही लहान, पुण्यात शिकून आलेली, मला 'आजी' म्हणते. लेव्हल तीन, पण खोली एक आणि बाई एक. पहिल्या लेव्हलची माणसं पुढे, दुसरीची खिडकीशी, तिसरीची मागे भिंतीला टेकून. बाई पहिलीला लिहायला लावते आणि तिसरीकडे जाते, तिसरीला वाचायला लावते आणि दुसरीकडे येते. बाकीच्यांना याचा त्रास होतो म्हणे. मला घरी आल्यासारखं झालं. आमच्या काष्टीकडच्या शाळेत असंच होतं की! एक गुरुजी आणि चार वर्ग. गुरुजी चौथीत गुंतले, की पहिलीतल्या पोरानं मागे वळून वरच्या वर्गाला विचारायचं. वरच्यांनी सांगायचं. नाही सांगितलं तर छडी वरच्यांना. मी अर्धी अक्षरं मागे वळूनच शिकले.

दुसरीत एक स्वयंपाकी पोरगा आहे, नगरमधल्याच एका हॉटेलात काम करतो, त्याला पॅरिसला जायचंय. मला 'खाला' म्हणतो. माझा उच्चार ऐकून म्हणतो, "खाला, एवढं नाकात नका बोलू, फ्रान्सवाल्यांना वाटेल सर्दी झाली." आणि तिसरीत एक नर्स आहे, पाथर्डीकडची. तीस-बत्तीस वर्षांची असेल. कमी बोलते, अभ्यास लई करते. आपल्याच सावेडीत राहते म्हणून जाताना मला स्कूटीवर घरी सोडते. मला 'काकू' म्हणते. बाकी येतात-जातात, पण आमचं जमलं ते या दोघांशी.

मला यायला लागलं बरं का. आई, वडील, पाणी, भाकरीसाठी त्यांचा तो पाव, नमस्कार, 'कृपा करून'. 'मामाँ ए दाँ ला क्विझीन', आई स्वयंपाकघरात आहे. हे वाक्य मी भांडी घासताना म्हणायचे. खरंच होतं ते.

आणि मग एका रविवारी, फोनवर. मी तुला शेवग्याच्या शेंगांचं सांगत होते. ते मागून आले, मला हात जोडून "नमस्ते आई" म्हणाले, कप ठेवला, बाजूला गेले आणि तिथून काही तरी बोलले. मोठ्यानं नाही. ते कधीच मोठ्यानं बोलत नाहीत. तू मान वळवलीस आणि म्हणालीस, "पा दवाँ मामाँ, सिल-त-प्ले."

तुला काय सांगू, मला किती आनंद झाला! दोन गोष्टी कळल्या मला. मामाँ म्हणजे आई. शेवटचं म्हणजे 'कृपा करून'. माझ्याविषयी बोलत होतात तुम्ही! आणि किती अदबीनं! मला वाटलं, दोघांचा काही बेत चाललाय, आईला बोलवून घेऊ, आईला काही तरी पाठवू, आणि तू म्हणतेयस की आत्ताच सांगू नका. मी ते वाक्य फोन ठेवल्यावर सुद्धा घोळत राहिले, विसरायला नको म्हणून. आठवडाभर म्हणत होते. भाजी निवडताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना.

शनिवारी क्लास सुरू होण्याआधीच मी हात वर केला. बाईंना म्हटलं, "माझी मुलगी जावयाला माझ्याबद्दल असं म्हणाली, याचा अर्थ सांगा." आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं स्पष्ट म्हणून दाखवलं. उच्चार चांगला झाला असणार, कारण बाईंना दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

बाई फळ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "आजी, हे पुढच्या लेव्हलला आहे. येईल ते."

आता मला सांग, एवढं छोटं वाक्य, त्यातले दोन तुकडे मला येतात, आणि पुढच्या लेव्हलला कसं? मी माझ्या शाळेच्या सवयीनं मागे वळले. म्हटलं, "अगं तिसरीवाल्यांनो, बाई सांगत नाहीत, तुम्ही सांगा."

तिसरीच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. पोरांनी मोबाईल काढले. मग खिडकीशी बसलेला तो स्वयंपाकी पोरगा म्हणाला, "खाला, काही नाही हो, 'आईसमोर नको' असं आहे. जावई बाटली उघडत असेल, म्हणून ताई म्हणाल्या." दुसरा कुणी म्हणाला, "नाहीतर बनियनवर आला असेल." सगळे हसले, मीही हसले. हसता हसता माझं लक्ष नर्सकडे गेलं. ती हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

आईसमोर नको. मी त्या दिवशी पुढचं काहीच शिकले नाही. बाटली असती तर दिसली असती. बनियन नव्हतं, चांगला इस्त्रीचा शर्ट होता. मग काय नको?

सुटल्यावर जिन्यात नर्स स्कार्फ बांधत उभी होती. मी तिला विचारलं, "तूच सांग. काय नको म्हणाली असेल?"

"ते त्या वाक्यात न्हाई, काकू."

"पण तुला काय वाटतं?"

ती स्कार्फची गाठ सोडून परत बांधायला लागली. म्हणाली, "मी आमच्या घरी हे मराठीत म्हनते. माझी आई येती तवा."

जिन्यात खालून मेडिकलच्या दुकानातला औषधांचा वास येत होता. म्हटलं, "म्हणून तू तिसरीत आहेस होय?"

"व्हय," म्हणाली. "म्हनून तर तिसरीत हाय. तिकडं नर्स लागत्यात, मी एकलीच जानार. चला, बसा."

सावेडीपर्यंत मी तिच्या खांद्याला धरून बसले होते. दर वेळी धरते, पडायची भीती वाटते म्हणून. त्या दिवशी वेगळं धरलं असेन, कारण उतरल्यावर ती म्हणाली, "काकू, दुखतंय हो."

दुसऱ्या दिवशी रविवार. क्लासला गेले नाही. फोनची वाट बघत बसले. तू आलीस, केस नीट बांधलेले, मागे खिडकीत ऊन. तू विचारलंस, "आई, गुडघा कसा आहे?" मी म्हटलं, बरा आहे. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते आणि तू माझ्या गुडघ्याचं विचारत होतीस. मग तो आला. हात जोडले, हसला, बाजूला गेला आणि बोलायला लागला. तसंच हळू. त्या सगळ्यातले मला दोनच शब्द कळले, 'तू' आणि 'नेहमी'. पण बाई गं, 'तू नेहमी' नंतर जे येतं ते समजायला कुठली लेव्हल लागते? मी बेचाळीस वर्षं संसार केलाय.

आणि तू म्हणालीस तेच. पा दवाँ मामाँ.

माझ्या तोंडून गेलं, "वी. दवाँ मामाँ." हो. आईसमोर.

बरोबर होतं की चूक, मला माहीत नाही. तू माझ्याकडे बघितलंस. लहानपणी शाळेच्या गेटवर मी अचानक घ्यायला आले की बघायचीस ना, आनंद नाही, भीती नाही, नुसती थांबलेली, तशी. मग तो वाकून मोबाईलसमोर आला. पहिल्यांदा मी त्याचं न हसणारं तोंड बघितलं. तू म्हणालीस, "आई, नेट जातंय." नेट गेलं नव्हतं. नेट जातं तेव्हा चित्र अडकतं, मला ठाऊक आहे. तुझा अंगठा दिसला मला बटणावर.

तेव्हापासून या दोन ओळी. कामात आहे. बरी आहे.

मी तुला विचारत नाही, काय नको होतं ते. मला एकच कुरतडतंय. मी बोलले, फोन बंद झाला, आणि नंतर त्या खोलीत तू होतीस, मी नव्हते. माझ्या त्या दोन शब्दांचं तुला काय भोगावं लागलं? मी बाईंना विचारलं, मी बोलायला नको होतं का? त्या म्हणाल्या, "आजी, मी भाषा शिकवते हो." बिचारीचे डोळे भरले होते. नर्सनं मात्र सरळ सांगितलं. म्हणाली, "थोडे दिवस ताई समोर येनार न्हाईत. तुमी फोन करायचा सोडू नका. न उचलू देत, वाजू दे. तिकडं वाजलेलं त्यांला कळतं. आनि एक विचारा, पासपोर्ट ताईंच्याच पर्समधी हाय ना?"

म्हणून विचारते. आहे ना?

क्लास चालू आहे माझा. आता बाई पुस्तकातलं थोडं बाजूला ठेवून मला लागतं तेवढं शिकवतात. 'माझ्या मुलीला फोन द्या.' 'मी वाट बघते, मी फोन ठेवणार नाही.' चुकून त्यानं उचलला तर मला अडायला नको. परवा त्या स्वयंपाक्याला जावई केलं आणि माझी तालीम घेतली. तो कानाला फूटपट्टी लावून जोरात "हालो!" म्हणाला, आणि मी सगळं विसरून त्याला विचारलं, जेवलास का बाबा? पोरं हसली. तो हसला नाही. म्हणाला, "खाला, परत. घाबरू नका. मी नुसता पट्टी धरून उभा आहे." परत म्हटलं. तीनदा म्हणवून घेतलं त्यानं. तिसऱ्या वेळी आवाज नाही कापला.

पण हे सगळं मला फोनवर म्हणायचं नाहीये गं. मला तू समोर हवी आहेस. दिवाळी, लग्नकार्य, सुट्टी, कशाचीही वाट बघू नको. एकटी निघालीस तरी चालेल, सामान राहिलं तरी राहू दे, कपडे इथे आहेत तुझे. मुंबईला उतर, मी गाडी करून येते, सोबतीला नर्स येते म्हणालीय. इथे कुणी विचारलं तर सांगू, आईचा गुडघा दुखतोय म्हणून आलीये. तो दुखतोच आहे, काही खोटं नाही. आठ दिवस राहा, वर्षभर राहा, काही न बोलता राहा. मी विचारणार नाही. तुझ्या मनात येईल तेव्हा, येईल त्या भाषेत सांग. ये गं बाई. लवकर ये.