एकसारखा ब्रेक

आमच्या घरात फिजिक्स कळणारा मी एकटाच. शाळेतच गेलो नाही, त्यामुळे मला नापास करायला कुणी सापडलं नाही. मुलीला सापडलं, तिचा आता फिजिक्सचा कंपार्टमेंटचा, म्हणजे नापास विषयाचा पुन्हा द्यायचा, पेपर होता. आमच्या दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकू तिला शिकवायला यायच्या. समोर गणित असो की भाजीवाला, काकू आधी खेकसणार, "दिलंय काय? विचारलंय काय?"

त्या दिवशी त्या तिसऱ्यांदा सांगत होत्या, "गाडी एकसारख्या ब्रेकने थांबते. किती अंतरात?"

मी म्हटलं, "काकू, मध्ये गाय आली तर?"

"गाय दिलेली नाही!"

"दिल्लीत ती द्यावी लागत नाही, असतेच."

काकूंनी पेन आपटलं. "ड्रायव्हर आहात ना तुम्ही? चलो, खाली! पोरीला गाडीत बसवा आणि ब्रेक मारून दाखवा. अगदी एकसारखा. आणि तोंड बंद!"

काकू पुढे बसल्या, मुलगी मागे. मी सगळी अक्कल पायात आणून ब्रेक मारला. काकूंचा चष्मा उडून काचेवर आपटला.

"अच्छा!" मुलगी मागून ओरडली. "आता कळलं काकू! एकसारखा ब्रेक म्हणजे बाबांना येत नाही तो."