आक्काची काळी वाळू

आमच्या फौंड्रीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला आक्का बूट झाडायला लावायची. दारातच एक घमेलं ठेवलेलं असे. कामगार असो, बिल घेऊन आलेला माणूस असो, नाहीतर खुद्द माझे वडील असोत, पायातलं काढून त्यात आपटल्याशिवाय सुटका नव्हती. दिवसाकाठी त्यातून फार तर दोन मुठी वाळू निघत असेल. पण "आमची वाळू तुमच्या घरला कशाला?" असं तिनं विचारलं की भलेभले एका पायावर उभे राहत.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या त्या लहानशा कारखान्यात पंपाचे लोखंडी भाग ओतले जातात. ओतायला वाळूचे साचे लागतात. लोखंड गार झालं की साचा फोडायचा. तोवर वाळू काळी पडलेली असते. ती चाळायची, तिच्यातले लोखंडाचे मणी चुंबकानं वेचायचे, पाणी आणि चिकणमातीची पूड घालून पुन्हा साच्याला द्यायची, हे आक्काचं काम. ती मूळची चंदगडकडची. वाळू मुठीत दाबून मूठ उघडायची आणि बोटांचे ठसे नीट उठलेले दिसले की म्हणायची, "व्हय, चालतीया." झाली आमची प्रयोगशाळा.

मी तेव्हा पुण्याहून पर्यावरण व्यवस्थापनाचा कोर्स करून नुकताच परतलो होतो. अंगात नुसतं वारं शिरलेलं. आल्या आल्या काय केलं, तर 'कागद वाचवा' अशी चाळीस रंगीत पोस्टरं छापून आणली, आणि धूळ बसू नये म्हणून प्रत्येकाला प्लास्टिकचं आवरणही घातलं. आक्कानं एक पोस्टर उलटसुलट करून बघितलं आणि चांगलं जाड आहे म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यातली सहा तिच्या चाळणीखाली अंथरलेली होती. ती तेवढीच काय ती कामाला आली.

पुण्याच्या एका गिऱ्हाइकाच्या ऑर्डरीवर आमची निम्मी भट्टी पेटत होती. त्यांचं पत्र आलं की कारखान्यात पर्यावरणाची काळजी कशी घेता ते बघायला त्यांच्या एक मॅडम येतील, आणि त्यांना पटलं नाही तर काम दुसरीकडे जाईल. वडील म्हणाले, तू शिकून आलायस, तूच बघ. मी बघितलं. मागच्या आवारात आक्काचा, पुन्हा वापरायच्या काळ्या वाळूचा ढीग होता, तो माझ्या डोळ्यांत खुपला. ती भाचीच्या लग्नाला दोन दिवस गावी गेली होती. तेवढ्यात मी दोन ट्रॉल्या भरून तो अख्खा ढीग ओढ्याकाठी ओतून आलो. मोकळ्या जागेत तुळशीच्या कुंड्या मांडल्या आणि फायलीत झोकात लिहिलं, 'वापरलेल्या वाळूची नियमानुसार विल्हेवाट.' पर्यावरणाच्या परीक्षेत पास व्हायला ओढा बुजवणारा शहाणा अख्ख्या कोल्हापुरात मी एकटाच असेन.

आक्का परत आली, आवारात जाऊन कुंड्या बघून आली, ट्रॉलीवाल्याला दोन प्रश्न विचारले आणि चाळायला बसली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मॅडम आल्या. माझी जाडजूड फाईल त्यांनी काखोटीला मारली आणि प्रश्न विचारला तो आक्काला. जुनी वाळू जाते कुठं?

"वड्याकडंला हाय की," आक्का म्हणाली. "धाकट्या मालकांनी दोन ट्रॉल्या टाकल्यात."

वडील स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. मॅडमनी मला गाडीत घातलं आणि थेट ओढा गाठला. ढिगाची एक बाजू पाण्यात ढासळली होती आणि खालपर्यंत पाणी काळं झालं होतं. त्यांनी महिन्याची मुदत दिली. सगळी वाळू उचला, मी परत येऊन बघेन, तोवर ऑर्डर बंद.

मी तणतणत आक्कासमोर जाऊन उभा राहिलो. कारखाना बुडाला तर तुझीही चूल बंद होईल, गप्प बसायला काय झालं होतं, असं बरंच बोललो. तिनं चाळणं थांबवलं नाही.

"वाळू टाकताना तुमी मला इचारलं न्हाईसा," ती म्हणाली. "त्या बाईनं इचारलं. मी सांगितलं."

मग पँट गुडघ्यापर्यंत वर करून मी ओढ्यात उतरलो. ट्रॉलीवाल्यानं चिखलात यायला साफ नकार दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आक्का काठावर हजर, डोक्याला पदर बांधून, चाळणीसकट. तिला कुणी बोलावलं नव्हतं. गाळ कुठला आणि वाळू कुठली हे मला ओळखता येईना, तेव्हा ती एकेक ढेकूळ हातात घेऊन सांगायची. तिसऱ्या दिवशी माझ्या तळव्यांना फोड आले. तिनं त्यांना खोबरेल लावलं आणि वर फावडं धरायला शिकवलं. मॅडमसमोर वाटली नव्हती एवढी लाज मला तिथं वाटली. महिन्यानं मॅडम येऊन गेल्या आणि ऑर्डर पुन्हा सुरू झाली. ढीगही परत आवारात आला. कुंड्या मी घरी नेल्या.

दोन वर्षांपूर्वी आक्काचे गुडघे गेले आणि ती लेकीकडे राहायला निघाली. मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. शाल-श्रीफळ दिलं. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हणालो, "आक्का, काळजी करू नका. तुमचं सगळं काम मी फायलीत नीट लिहून ठेवलंय."

एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून ती वळली.

"लिवलं तर त्या वड्याच्या येळंलाबी हुतंच की," म्हणाली आणि आत जाऊन खिडकीशी बसली.